कर्मिटच्या पोटात शिरून आलो (वादळात उडणारी विमानं)

टँपाकर

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण गेल्या आठवड्यात जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवेना.

आम्ही फ्लोरिडात राहतो. इथे १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम. त्याआधी, मे महिन्यात, वादळात शिरणारी विमानं किनाऱ्यावरच्या काही विमानतळांवर लोकांना बघायला ठेवतात. एका वर्षी अटलांटिकच्या बाजूला, एका वर्षी मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूला. तिकीट नाही. सकाळी शाळांच्या सहली, दुपारनंतर आपल्यासारखे लोक. नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन गेलो. रांग सव्वा तासाची आणि ऊन असं, की डांबर चपलेला चिकटतंय की काय वाटावं.

दोन विमानं होती. एक करड्या रंगाचं, हवाई दलाचं डब्ल्यूसी-१३०जे. मिसिसिपीतल्या बिलॉक्सीजवळ कीस्लर तळ आहे, तिथल्या ५३ व्या स्क्वाड्रनकडे अशी दहा आहेत. दुसरं आमचं खरं आकर्षण, नोआचं पी-३ ओरायन. (नोआ म्हणजे अमेरिकेचं समुद्र आणि हवामान बघणारं खातं.) नाव कर्मिट. हो, तोच टीव्हीवरच्या मपेट बाहुल्यांमधला बेडूक! नाकाशेजारी चित्रच रंगवलेलं आहे. याची जोडीदारीण मिस पिगी, आणि तिसरं एक जेट आहे त्याचं नाव गॉन्झो. गॉन्झोच्या नाकात रडार बसवण्यासाठी नाक लांबवावं लागलं, म्हणून ते नाव. बाहुली आठवा, म्हणजे कळेल. तिघांचं घर आमच्यापासून तासाभरावरच्या लेकलंडला. २०१७ पर्यंत टँपातच होतं.

कर्मिट १९७५ सालचं. माझ्यापेक्षा मोठं. मुळात पाणबुड्या शोधण्यासाठी बनवलेल्या जातीचं, चार पंख्यांचं विमान. पुढे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा लांबलचक दांडा, पोटाखाली रडारचा फुगवटा, शेपटीत आणखी एक रडार. दाराजवळच्या भागावर ज्या ज्या वादळात शिरलं त्यांची नावं आणि सालं स्टिकरांनी ओळीने लावलेली. लेक मोजत बसली आणि मागच्या लोकांनी ढकलायला सुरुवात केल्यावर नाद सोडला.

आत शिरल्यावर वाटलं, हे विमान नव्हे, एखाद्या इंजिनियरिंग कॉलेजची जुनी लॅब आहे. लोखंडी घोडे, त्यांवर पडदे, बटणं, जाडजूड वायरी. प्रत्येक खुर्चीला खांद्यावरून येणारे पट्टे. मागे छोटंसं स्वयंपाकघर, तिथलं कॉफीचं भांडंसुद्धा पट्ट्याने आवळलेलं. सुटी म्हणावी अशी एकही वस्तू नाही. मी मोबाइल कट्ट्यावर ठेवला तर तिथली मुलगी हसून म्हणाली, उडत असतो तर तो आता छताला असता.

मग तिने ड्रॉपसोंड हातात दिला. हा सगळा खटाटोप ज्या वस्तूसाठी असतो ती ही. दोन विती लांबीची पुठ्ठ्याची नळी, अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीपेक्षा हलकी. एका टोकाला सेन्सर, दुसऱ्या टोकाला घडी घातलेली इवलीशी हवाई छत्री. विमानाच्या जमिनीत एक नळकांडं आहे, त्यातून ती खाली सोडतात. दहा हजार फुटांवरून समुद्रात पडेपर्यंत तिला साधारण चार मिनिटं लागतात आणि त्या चार मिनिटांत ती दाब, तापमान, आर्द्रता आणि जीपीएसवरून वारा हे सगळं विमानाला कळवत राहते. पाण्यात पडली की संपली. परत आणायची नाही.

लेकीने विचारलं, "मग ती एकटीच बुडते?" मुलगी दोन सेकंद गप्प झाली आणि म्हणाली, "तिचं काम झालेलं असतं."

मला हे सगळं इतकं लागण्याचं कारण वेगळं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन आलं, तेव्हा आमच्या भागाला घर सोडायची सूचना होती. ७ तारखेला सकाळी सामान बांधत होतो आणि दर थोड्या वेळाने नवा आकडा येत होता. एका दिवसात ते साधं वादळ पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीला गेलं. मधला दाब ९०० मिलिबारच्या खाली. (नेहमीचा असतो १०१३ च्या आसपास.) आम्ही जॉर्जियाला निघालो. तेव्हा मनात आलंही नाही की हे आकडे येतात कुठून. ते अशाच नळ्यांमधून येत होते, आणि त्या सोडायला माणसं आत गेली होती.

फोटो टाकायचा प्रयत्न केला, चढत नाहीयेत. कुणी मदत करेल का?

बाराभाई

पहिला! आता सावकाश वाचतो.

मोरपीस

सुंदर लिहिलंय. "ती एकटीच बुडते?" इथे थांबले. मुलं कसले प्रश्न विचारतात. आणखी लिहा, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

शंकासुर

लेख छान, पण एक बाळबोध शंका. उपग्रह आहेत, ड्रोन आहेत, संगणकाची मॉडेलं आहेत. मग २१ व्या शतकात पन्नास वर्षांचं विमान आणि त्यात डझनभर माणसं घालून चक्रीवादळात पाठवायची हौस कशाला? मला यात थोडा मर्दुमकीचा वास येतो. हलके घ्या.

टँपाकर

शंकासुर, हाच प्रश्न मी रांगेत उभ्या एका निवृत्त शिक्षकांना विचारला होता. ते म्हणाले, आधी आत जाऊन या. :)

मला समजलं ते असं. उपग्रह ढगांचे माथे बघतो. वादळ म्हणजे पंधरा किलोमीटर उंचीची ढगांची उतरंड. तिचं झाकण बघून तळाशी काय शिजतंय याचा अंदाज बांधायचा. त्या अंदाजाची रीत व्हर्नन ड्वोराक यांनी १९७० च्या दशकात बसवली. ढगांचा पिळा कसा आहे, डोळा (वादळाच्या मधली शांत, मोकळी जागा) किती स्पष्ट, त्याच्याभोवतीचे ढग किती थंड, यावरून वादळाला गुण द्यायचे. त्या गुणांवरून वारा आणि दाब. रीत उत्तम आहे, जगभर वापरतात. पण नाडी न बघता चेहऱ्यावरून ताप ओळखण्यासारखी.

आता ऑक्टोबर २०२३ चं ओटिस घ्या. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडे निघालेलं. दुपारी हवाई दलाचं विमान आत गेलं तेव्हा कळलं, की उपग्रहावरून वाटत होतं त्यापेक्षा ते बरंच पुढे गेलंय. मध्यरात्रीनंतर ते पाचव्या श्रेणीचं होऊन आकापुल्कोवर आदळलं. विमान नसतं तर ते काही तासही हातात आले नसते. २००५ च्या विल्माचा डोळा जेमतेम चार किलोमीटरचा झाला होता आणि आतला दाब विमानाने मोजला ८८२. अटलांटिकमधला आजवरचा सर्वांत कमी.

ड्रोन वापरतात. २०२२ मध्ये इयानमध्ये एक सोडला होता, पण सोडला याच पी-३ मधून. ड्रोनलाही आईच्या पोटातूनच जावं लागतं.

यंत्रज्ञ

यातली तांत्रिक बाजू थोडी मांडतो, कारण "वादळात विमान मोडत कसं नाही" हा प्रश्न येणारच.

विमानाला वाऱ्याच्या वेगाचं भय नसतं. आडवा वारा ताशी अडीचशे किलोमीटर असला आणि तो एकसारखा असला, तर विमान त्याच्यासोबत वाहत जातं. नाक वाऱ्याच्या दिशेला तिरकं धरून खेकड्यासारखं पुढे सरकायचं, बस. भय असतं ते उभ्या झोतांचं. डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत एक झोत वर उचलतो आणि लगेच दुसरा खाली आपटतो. पंखांना पोलादी कवच वगैरे काही घातलेलं नाही. चार पंख्यांची विमानं घेतात कारण अशा मुसळधार पावसात ती भरवशाची असतात आणि झटका बसला की ताकद लगेच देतात. गॉन्झो जेट आहे, म्हणून तो आत शिरत नाही. पंचेचाळीस हजार फुटांवरून वादळाभोवती फिरून नळ्या टाकतो. वादळाला पुढे कोणते वारे ढकलणार आहेत ते त्यावरून कळतं.

पी-३ साधारण आठ ते दहा हजार फुटांवरून जातं. एका बाजूने शिरायचं, डोळ्यातून आरपार, मग वळून दुसऱ्या बाजूने परत. वाटेचा नकाशा इंग्रजी चारसारखा दिसतो. एका उड्डाणात आठ-नऊ तास.

आणखी एक मजा. पंखाखाली एक यंत्र असतं ते समुद्राचा फेस "बघतं". वारा जितका जोराचा तितका फेस जास्त, आणि फेसाळ पाण्यातून निघणाऱ्या सूक्ष्मलहरी वेगळ्या. त्यावरून पृष्ठभागावरचा वारा काढतात. म्हणजे शेवटी कोळी जे करतो तेच. पाण्याचा रंग बघून वारा सांगायचा.

फोडणीचा_भात

फेसावरून वारा! दंडवत घ्या.

अवांतर: टँपाकर, फोटो थेट चढत नाहीत, आधी लहान करा. मदत पानावर लिहिलंय.

खारीचावाटा

हे सुरू कसं झालं त्याचा किस्सा भारी आहे. दुसरं महायुद्ध, टेक्सासातला ब्रायन नावाचा तळ. कर्नल जोसेफ डकवर्थ तिथे ढगात नुसती यंत्रं बघून विमान कसं चालवायचं ते शिकवत. शिकायला ब्रिटिश वैमानिक. किनाऱ्यावर वादळ येतंय म्हणून शिकवणीची विमानं दुसरीकडे हलवायची ठरली, तशी ब्रिटिशांनी टिंगल सुरू केली, तुमची विमानं वाऱ्याला भितात वाटतं! डकवर्थनी पैज लावली. २७ जुलै १९४३ ला एका इंजिनाचं एटी-६ घेऊन, सोबत राल्फ ओ'हेअर नावाच्या नेव्हिगेटरला बसवून, ते गॅल्व्हस्टनजवळ वादळाच्या डोळ्यात शिरून परत आले. खाली हवामान अधिकारी उभा, तो म्हणाला मलाही न्या. मग ओ'हेअर उतरला, तो चढला आणि डकवर्थ पुन्हा गेले.

पैज एका पेयाची होती म्हणतात. आपल्याकडे चहाच्या पैजेवर लोक विहिरीत उड्या मारतात, हा त्यातलाच प्रकार.

शंकासुर

म्हणजे मर्दुमकीचा वास बरोबर होता तर! :)

पण टँपाकर आणि यंत्रज्ञ, उत्तर पटलं. झाकणाची उपमा लक्षात राहील. मग पुढची शंका. कधी विमान गेलंय का?

यंत्रज्ञ

गेलंय. सप्टेंबर १९५५, जॅनेट नावाचं वादळ, कॅरिबियनमध्ये. नौदलाचं नेपच्यून विमान. नऊ नौसैनिक आणि टोरंटोच्या एका वर्तमानपत्राचे दोन प्रतिनिधी. "आत शिरतोय" हा संदेश आला, पुढे काही नाही. अटलांटिकच्या वादळात गेलेलं ते एकच. पॅसिफिकमध्ये आणखी गेली.

आणि कर्मिट जाता जाता वाचलंय. १५ सप्टेंबर १९८९, ह्यूगो, बार्बाडोसच्या पूर्वेला. उपग्रहाचा अंदाज बेताचा होता म्हणून अवघ्या १,५०० फुटांवरून आत शिरले. निघालं पाचव्या श्रेणीचं. भिंतीत चारपैकी एका इंजिनाला आग, विमान पाण्याकडे. डोळ्यात पोहोचल्यावर सावरलं, पण आता बाहेर पडायचं कुठून? चारी बाजूंना तीच भिंत. तासभर त्या डोळ्यातच गोल गोल फिरत, वजन कमी करत, तीन इंजिनांवर हळूहळू उंची घेतली. मग हवाई दलाच्या विमानाने वर भिंत चाचपून त्यातल्या त्यात मऊ जागा शोधून दिली, तिथून निसटले. विमानात जेफ मास्टर्स होते, हवामानशास्त्रज्ञ. त्या दिवसानंतर त्यांनी हे काम सोडलं.

शंकासुर, हेही तुमच्या आधीच्या प्रश्नाचंच उत्तर आहे. झाकण बघून अंदाज चुकला की काय होतं ते.

मोरपीस

बाप रे. अंगावर काटा आला. आणि तेच विमान अजून चालवतात?

टँपाकर

तेच, मोरपीस. मला हे तिथे उभं असताना माहीत नव्हतं ते बरंच झालं. :)

तेच म्हणायचं तर मध्यंतरी पंख नवे बसवले, इंजिनंही बदलली. आजीच्या गोधडीसारखं, ठिगळं इतकी की मूळ लुगडं कुठलं ते विचारू नये. आता २०३० च्या सुमारास यांच्या जागी दोन नवी सी-१३०जे येणार आहेत, २०२४ मध्ये तसा करार झालाय. बेडकाचं नाव पुढे चालवणार का, हे लेकीने विचारलं. तिथल्या मुलीने खांदे उडवले.

मिल्टनची एक गोष्ट राहिली. पीटर डॉज नावाचे रडारतज्ज्ञ या विमानांतून वर्षानुवर्षं उडाले. डोळ्यातून एकदा आरपार जाण्याला ही मंडळी "पेनी" म्हणतात. डॉज यांच्या खात्यावर ३८६ जमल्या होत्या. २०२३ मध्ये ते गेले. ८ ऑक्टोबर २०२४ ला त्यांच्या अस्थी मिल्टनच्या डोळ्यात सोडल्या आणि विमानाने पाठवलेल्या अधिकृत संदेशात, जिथे डोळ्याचा दाब आणि व्यास लिहितात तिथेच खाली, त्यांचं नाव आणि ३८७ वी पेनी अशी नोंद केली. आम्ही त्याच वेळी जॉर्जियातल्या एका मोटेलमध्ये टीव्हीसमोर बसलो होतो.

हर्णैची_पोर

टँपाकर, तुमचा धागा वाचून बरंच काही वर आलं.

३ जून २०२०, निसर्ग. आमच्याकडे सकाळपासून फोनवर ग्रुपात नुसते आकडे. कुणी म्हणे अलिबागला लागणार, कुणी म्हणे श्रीवर्धन, कुणी म्हणे मुंबई. बाबा पडवीत बसून समुद्राकडे बघत होते. अकराच्या सुमारास म्हणाले, "दिशा फिरली गो वाऱ्याची," आणि उठून गुरं सोडली. त्यानंतर तासाभरात शेजारच्यांच्या पडवीचे पत्रे आमच्या अंगणात आले. पोफळी एकाच दिशेला आडव्या, कुणी विळ्याने कापून ओळीने मांडून ठेवाव्यात तशा. आजोबांनी लावलेले नारळ, कलमं, सगळं गेलं. कलम पुन्हा लावलं तरी हाताशी यायला दहा वर्षं.

इशारा वेळेत आला होता, हे मान्य करायला हवं. माणसं वाचली. पण मला आज प्रथमच कळतंय, की तुमच्याकडचा आकडा कुणीतरी आत जाऊन मोजलेला असतो आणि आमच्याकडचा झाकण बघून काढलेला. आपल्याकडे असं विमान का नाही?

यंत्रज्ञ

ताई, प्रश्न रास्त आहे. पण आपण एकटे नाही आहोत. अमेरिकेनेही पश्चिम पॅसिफिकमधली, ग्वामवरून होणारी उड्डाणं १९८७ मध्ये बंद केली. जगातल्या बहुतेक वादळांचा दाब असाच अंदाजाने काढतात. तैवान २००३ पासून एका छोट्या जेटमधून नळ्या टाकतं, जपानने २०१७ मध्ये सुरुवात केली.

आपल्या दोन्ही समुद्रांत मिळून वर्षाला सरासरी पाचेक वादळं. त्यासाठी विमानं, वैमानिक, सुटे भाग बारा महिने तयार ठेवायचे म्हणजे खर्च मोठा. वर बंगालच्या उपसागरात बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका सगळ्यांच्या हद्दी. आपल्याकडे किनाऱ्यावर रडारं आहेत, समुद्रात नांगरलेले बोये (तरंगती मोजणी-यंत्रं) आहेत. वादळ नेमकं बोयावरून गेलं तर खरा आकडा मिळतो. पण वादळ बोया बघून चालत नाही. १९९९ च्या ओडिशाच्या महावादळाचा ९१२ हा आकडा सगळीकडे छापलेला असतो, तोही उपग्रहावरूनच काढलेला.

माझं वैयक्तिक मत: गेल्या काही वर्षांत अरबी समुद्र ज्या पद्धतीने तापतोय आणि तौक्तेसारखी वादळं ज्या झपाट्याने वाढतायत, ते बघता निदान एक जेट तरी असावं. नळ्या टाकण्यापुरतं.

सोलापूरकर

आपल्याकडे विमानं ढगात गेलीच नाहीत असं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचा ढगांवरचा प्रयोग आमच्याकडे झाला २०१८-१९ ला. भाड्याची विमानं सोलापूरच्या विमानतळावरून ढगात जायची. २७६ ढग तपासले, काहींवर मीठ फवारलं. फवारलेल्या भागात १८ टक्के पाऊस जास्त पडला असा निष्कर्ष आला. गावात मात्र एकच चर्चा, "विमान फिरलं, आता पाऊस पळवला." त्यावर वेगळा धागा काढता येईल.

शंकासुर

काढाच. पाऊस पळवणारं विमान, यावर शंभर प्रतिसाद नक्की.

जुना_वेधकरी

मी इथे नवीन आहे. नातवाने खातं उघडून दिलं. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

हर्णैच्या मुलीने विचारलं, आपल्याकडे असं विमान का नाही. नाही हे खरं, पण आलं नव्हतं असं नाही.

मी हवामान खात्यात होतो. १९७९ साली मॉन्सूनवरचा मोठा आंतरराष्ट्रीय प्रयोग झाला, मोनेक्स. तेव्हा मी सांताक्रूझला, चोवीस वर्षांचा. अमेरिकेची तीन संशोधन विमानं मुंबईत आली होती. नासाचं एक मोठं जेट, एक इलेक्ट्रा, आणि तिसरं हे तुमचं नोआचं पी-३. ही जोडी तेव्हा नवी कोरी होती. बेडकाची चित्रं वगैरे मला आठवत नाहीत. रशियाची जहाजं समुद्रात होती आणि अमेरिकेने एक उपग्रह खास आपल्या महासागरावर सरकवून आणला होता. शीतयुद्धाचे दिवस, पण मॉन्सूनसाठी सगळे एका टेबलाशी.

त्या वर्षी पाऊस रुसला होता. जूनच्या मध्यावर अरबी समुद्रात भोवरा उठला, तो पुढे ओमानकडे गेला. त्या भोवऱ्यावर ही विमानं उडाली. तेव्हा जीपीएस नव्हतं. त्या वेळच्या नळ्या ओमेगा नावाच्या रेडिओ-जाळ्यावरून आपली जागा ओळखत. आम्ही इकडून त्याच वेळी फुगे सोडायचो. रात्री विमान परतलं की कागदांची भेंडोळी यायची. जुलैत मंडळी कलकत्त्याला गेली.

त्याही आधी, १९६३-६४ ला, हिंदी महासागराच्या मोहिमेत अमेरिकेच्या वेदर ब्यूरोची विमानं मुंबईला आली होती. मुळात ती हरिकेनच्या संशोधनासाठी उभी केलेली. कुलाब्याला तेव्हा आंतरराष्ट्रीय केंद्र होतं, कॉलिन रॅमेज प्रमुख. आयबीएमचा संगणक आला होता, तो बघायला लोक रांगा लावायचे असं आमचे साहेब सांगत. जुलै १९६३ मध्ये ती विमानं गुजरात आणि उत्तर कोकणासमोरच्या ढगांत गेली आणि एक नवल सापडलं. खाली, समुद्रसपाटीवर, जवळजवळ काही नाही. नकाशात साधं न्यून, म्हणजे दाब थोडासा कमी. पण वर चार किलोमीटरवर पक्का भोवरा. मिलर आणि केशवमूर्ती यांनी ते मांडलं. मुंबई, डहाणू, सुरतेकडे जुलैत दोन-दोन दिवस जो पाऊस कोसळतो, त्यातला बराच या मधल्या भोवऱ्याचा. मिलर मूळचे हरिकेनवाले. तिकडची विद्या इकडे कामाला आली.

हे जमिनीवरून दिसलं नसतं. कुणीतरी आत जावं लागलं.

हर्णैची_पोर

काका, नमस्कार करते. तुम्ही वेगळा धागा काढाच. फुगे सोडायचे म्हणजे नेमकं काय, आम्हाला सगळं ऐकायचंय.

मोरपीस

+१. काका, टायपिंगची काळजी करू नका.

बाराभाई

सावकाश वाचतो म्हणालो होतो, आत्ता वाचून झालं. धागा कुठल्या कुठे गेला. वाचनखूण साठवली.

टँपाकर

काका, थक्क झालो. विमानाच्या अंगावर कुठल्या कुठल्या देशांत जाऊन आलंय त्यांचे झेंडेही लावलेले असतात म्हणे. मी मूर्खासारखा बेडकाचा फोटो काढत बसलो आणि ते नीट पाहिलेच नाहीत. लेक आता मागे लागलीय, परत जाऊ, भारताचा शोधू.

मोरपीस, लेकीची आणखी एक खबर. २०१८ मध्ये हेक्टर वादळाच्या वेळी गॉन्झोच्या दोन्ही वैमानिक बायका होत्या, क्रिस्टी ट्वायनिंग आणि रिबेका वॉडिंग्टन. हे ऐकल्यापासून डॉक्टर व्हायचं रद्द झालंय. बायको म्हणते, कुठे नेलंस हिला.

जुना_वेधकरी

झेंडा सापडला तर कळवा. एक विचारायचं राहिलं. आत शिरल्यावर पहिला वास कसला आला?

टँपाकर

कॉफीचा, काका. मागच्या भांड्यात ताजी केलेली होती. का हो?

जुना_वेधकरी

आम्हालाही एकदा आत नेऊन दाखवलं होतं. त्यांच्यातल्या एकाने कागदी पेल्यात दिली. दूध नाही, साखर नाही. शिष्टाचार म्हणून मी आणि जोशी दोघांनी संपवली. जोशी बाहेर येऊन म्हणाला, वादळात जाणाऱ्यांना याचं काय वाटणार.